खांबाची सावली

आम्हाला फोन करणारे लोक आधी हवापाण्याचं बोलतात. मग इमारत किती जुनी आहे, तिचं लाकूड अजून कसं टणक आहे ते सांगतात. मग आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "वर जरा पाखरांचं झालंय." पाखरांचं काय झालंय, लग्न झालंय का, असं विचारायची मला फार इच्छा होते. मी विचारत नाही. मी म्हणते, "अजून कोणी झाडू लावला नाही ना?"

मी आणि माझा नवरा जुन्या इमारतींमधली पक्ष्यांची विष्ठा काढतो. बहुतेक कबुतरांची. नातेवाइकांनी विचारलं की नवरा सांगतो, "इमारतींची देखभाल." मी विष्ठा असंच सांगते. जेवताना विचारलं तर जेवताना सांगते.

सगळ्यांना वाटतं, यात काय एवढं, झाडू घ्यायचा आणि झाडून काढायचं. नेमकं तेच करायचं नसतं. वाळलेली विष्ठा झाडली की तिची धूळ होते, धूळ छातीत जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते. म्हणून आधी दाराला प्लास्टिक लावायचं. अंगभर सूट, हातमोजे, चेहऱ्याला घट्ट बसणारा, डोळ्यांपुढे काच असलेला मास्क. मग पाठीवरच्या पंपाने साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि थांबायचं. आतपर्यंत भिजलं की फावड्याने उचलायचं, जाड पिशवीत भरायचं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. या सगळ्यात थांबणं सर्वांत अवघड. नवऱ्याला ते अजून जमत नाही. फवारा मारून झाला की तो माझ्या भोवती घिरट्या घालतो आणि विचारत राहतो, "भिजलं असेल का गं?"

हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. बाबांच्या छातीच्या फोटोवरून शिकले.

बाबा नाटकाचे पडदे रंगवायचे. रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर जो जंगलाचा, महालाचा किंवा रस्त्याचा पडदा सोडतात तो. गावातल्या जुन्या नाट्यगृहात सगळ्यात वर, छपराखाली एक लांबलचक खोली होती. तिला रंगखोली म्हणायचे. तिथे उभ्या चौकटीवर कापड ताणून बाबा आयुष्यभर चित्रं काढत राहिले, आणि वर तुळयांवर कबुतरं बसून आयुष्यभर त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा स्वच्छतेचे भोक्ते. रोज सकाळी रंग कालवण्याआधी खोली झाडायचे. कोरडी. मनापासून. कोपरे धरून.

पुढे त्यांना खोकला लागला, मग दम लागायला लागला, आणि आम्ही छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "कबुतरं पाळता का?"

"नाही," बाबा म्हणाले. "तीच मला पाळायची."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की या धुळीने छाती आतून सुजते आणि सुजून सुजून कडक होते. कडक झालं ते परत मऊ होत नाही. उरलंय त्यात जपून राहिलात तर निभेल. पण अशी धूळ पुन्हा एकदा भरपूर छातीत गेली, तर पुढचा श्वास मशीनच्या नळीतून घ्यावा लागेल, आणि तोही कायमचा. "पुन्हा एकदासुद्धा नाही," असं त्या आईकडे बघून म्हणाल्या. बाबांकडे बघून काही उपयोग नाही हे त्यांनी फोटोवरूनच ओळखलं असावं.

तेव्हापासून आई त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देते. गॅलरीत कबूतर बसलं तर ती आधी बाबांना आत ढकलते आणि मग कबुतराला हाकलते. बाबांना जिना चढताना थांबावं लागतं, पण दम लागला असं ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. आमच्या इमारतीत जिन्याच्या वळणावर सोसायटीची सूचना लावलेली आहे. बाबा तिथे थांबून ती वाचतात. पाण्याच्या टाकीबद्दलची ती सूचना मी नोकरी शोधत होते तेव्हापासून तिथे आहे. बाबा ती रोज नव्याने वाचतात.

आता सावलीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबांचा सगळ्यात गाजलेला पडदा म्हणजे रस्त्याचा. सकाळची वेळ, डावीकडे घरांच्या मागून सूर्य वर येतोय, रस्त्यात एक हातगाडी, एक कुत्रा आणि दिव्याचा एक खांब. पहिल्या प्रयोगाला दर्शनी पडदा वर गेला आणि नटांनी तोंड उघडण्याआधी लोकांनी त्या रस्त्याला टाळ्या दिल्या. आई तिसऱ्या रांगेत होती. तिचं आणि बाबांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कसा वाटला?" आई म्हणाली, "छान आहे. पण सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात आणि खांबाची तेवढी डावीकडे, सूर्याच्या दिशेला."

"नाही," बाबा म्हणाले. "तुला तिसऱ्या रांगेतून तिरपं दिसलं."

त्यानंतर मी जन्मले, वाढले, माझं लग्न झालं, आणि हे भांडण चालूच राहिलं. दूध उतू गेलं, छत्री हरवली, बस चुकली, की आई म्हणणार, "ज्यांना सावली कुठे पडते ते कळत नाही त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?" आणि बाबा म्हणणार, "तिरपं दिसलं." माझ्या नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच भेटीत आईने विचारलं होतं, "सूर्य डावीकडे असेल तर सावली कुठे पडेल?" तो बिचारा परीक्षा समजून उभा राहिला आणि म्हणाला, "उजवीकडे." बाबा त्याच्याशी कितीतरी महिने नीट बोलले नाहीत.

मग नाट्यगृह बंद पडलं. खिडक्यांच्या काचा फुटल्या, कबुतरांना मोकळं रान मिळालं, आणि रस्त्याचा पडदा वर रंगखोलीत चौकटीवर टांगलेलाच राहिला. नाट्यगृह बंद पडायच्या आधी बाबांनीच तो किरकोळ दुरुस्तीसाठी म्हणून वर नेला होता. कसली दुरुस्ती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

यंदा नाट्यगृह पुन्हा उघडायचं ठरलं आणि नव्या व्यवस्थापकांचा मला फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं. वर पाखरांचं झालंय हेही बोलून झालं. मग ते म्हणाले, "वर तुमच्या वडिलांचा तो रस्त्याचा पडदा आहे ना, तो वाचवा बरं का. उद्घाटनाला तोच लावणार आहोत. त्यांना स्टेजवर बोलावून सत्कार करू."

मी आणि नवरा जाऊन बघून आलो. रंगखोलीत घोट्याच्या वर विष्ठा साचली होती. मधे पिसं, काटक्या, फुटकी अंडी. पडदा चौकटीवर तसाच होता, पण खालचा अर्धा भाग पांढऱ्या-करड्या थराखाली गेला होता. हातगाडी दिसत नव्हती, कुत्रा दिसत नव्हता, खांबाचा फक्त वरचा दिवा दिसत होता. आम्ही दाराला जाड प्लास्टिक लावलं आणि त्यावर पाटी लावली: "आत धोकादायक धूळ आहे. कोणीही आत जाऊ नये." पाटी मी स्वतः लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे.

संध्याकाळी आईबाबांकडे चहाला गेलो तेव्हा हे सगळं सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"पडद्यावर फवारा मारणार?"

"नाही, बाबा."

"सरसाचा रंग आहे तो. भुकटी सरसाच्या गरम डिंकात कालवून दिलेला. पाणी लागलं की संपलं."

"माहीत आहे मला. लहानपणी घरभर वास यायचा त्याचा. पडद्यासाठी बारीक गाळणीचा व्हॅक्यूम भाड्याने मागवलाय. तो गुरुवारी येईल. आधी पडदा कोरडाच ओढून घेऊ, मग तो झाकू, आणि मगच खाली फवारा. तोपर्यंत तिथे कोणी पाऊलसुद्धा ठेवायचं नाही."

"म्हणजे गुरुवारपर्यंत तिथे कोणी नसणार," बाबा म्हणाले.

"कोणी नसणार."

"चांगलं आहे," बाबा म्हणाले आणि कप पुन्हा उचलला.

"मी येणार हं उद्घाटनाला," आई म्हणाली. "पहिल्या रांगेत मधोमध बसणार. तिरपं दिसायला नको. आणि चष्म्याचा नंबरही तपासून घेते."

बाबांना ठसका लागला. आईने त्यांची पाठ चोळली. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला, कारण या विषयावर तो एकदा तोंड पोळून घेऊन बसलेला आहे.

बुधवारी आम्ही एका जुन्या शाळेच्या पोटमाळ्यावर काम संपवून सामान गाडीत भरत होतो तेवढ्यात आईचा फोन आला.

"तुझे बाबा केस कापायला गेलेत," ती म्हणाली.

"बरं."

"बरं काय? कोणते केस? डोक्यावर आहे काय त्यांच्या?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "घरातून काय नेलंय बघ."

ती बघायला गेली. कपाटाचं दार वाजलं, मग पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "कुंचल्यांचा डबा नाहीये. आणि काळ्या रंगाची पुडी नाहीये. निळ्याची आहे, काळ्याची नाहीये, रस्त्याच्या करड्याचीही नाहीये." जरा थांबून म्हणाली, "अगं, म्हणजे त्यांना माहीत होतं."

एवढी वर्षं चाललेला खटला तिने त्या क्षणी जिंकला होता. ती रडत होती.

गाडी नवऱ्याने चालवली. मला बाबांचा इतका राग आला होता की समोर असते तर मी त्यांना धरून हलवलं असतं. एका खांबाच्या सावलीसाठी! आईने उद्घाटनाला बघितलंच असतं आणि म्हटलंच असतं, "बघा," तर काय आकाश कोसळणार होतं? पण हे मला वाटत होतं. बाबांना काय वाटत होतं ते मी त्या आधी कधी विचारलंच नव्हतं.

नाट्यगृहाच्या मागच्या दारावर जुनाच पहारेकरी आहे. बाबांना तो अजून साहेब म्हणतो.

"साहेब आलेत का?"

"आले की. मघाशीच. म्हणाले, तुम्हीच पाठवलंय."

"आणि तुम्ही सोडलंत?"

"त्यांना नाही म्हणायचं?" त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "झाडू मागितला, तो दिला. म्हटलं, साहेब, मी देतो झाडून. तर म्हणाले, नको, मला कोपरे माहीत आहेत. वरपर्यंत पोचवायला गेलो होतो. प्रत्येक वळणावर थांबत होते. दारावरची तुमची पाटीसुद्धा बराच वेळ वाचत उभे होते. मला वाटलं, आता माघारी फिरणार. पण वाचून झाल्यावर आत गेले."

नवरा जिन्याकडे धावला. मी त्याची कॉलर धरली.

"मास्क."

"अगं, तुझे बाबा आत आहेत!"

"माझेच आहेत. मास्क लाव. सूट चढव. पंप भर."

"पंप?"

"भर!"

नळाला पाणी बारीक येत होतं. पंप भरेपर्यंत मी मास्कच्या कडा बोटाने दाबून बघितल्या, श्वास सोडून हवा कुठून निसटते का ते बघितलं, जसं नेहमी बघते तसं. माझे हात कापत नव्हते. याचं मला नंतर फार वाईट वाटलं. नवरा घाई करत होता, "भरला असेल ना आता? भरला असेल." मी भरू दिला.

वर प्लास्टिक नीट एका बाजूला केलेलं होतं. आत खिडकीतून उन्हाचे पट्टे येत होते आणि त्या पट्ट्यांत हवा दिसत नव्हती, नुसती धूळ दिसत होती. दारापासून चौकटीपर्यंत एक स्वच्छ वाट झाडलेली होती. कडा सरळ. झाडलेल्याचा ढीग एका बाजूला रचलेला. खोलीच्या पार टोकाला, पडद्यासमोर, बाबा उलट्या बादलीवर बसले होते. नाकातोंडाला रुमाल बांधला होता आणि तो करडा झाला होता. हातात कुंचला होता. ते श्वास घेत नव्हते, श्वासाला धरून ओढत होते, आणि प्रत्येक ओढीला त्यांचे खांदे कानाला लागत होते.

मी त्यांच्यामागे पडद्याकडे बघितलं. नाही म्हटलं तरी बघितलंच. खांबाच्या पायापासचा भाग, शेजारच्या कुत्र्या-हातगाडीसकट, त्यांनी झाडून मोकळा केला होता. तिथे खांबाला दोन सावल्या होत्या. एक डावीकडे, फिकट, जुनी. सूर्याच्या दिशेला. आईचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. दुसरी उजवीकडे, ओली, काळी, कडेला अगदी सफाईदार. जुनीवर रस्त्याचा रंग चढवून ती बुजवायला त्यांनी सुरुवात केली होती, पण टोकाचा थोडासा भागच झाला होता. तिथे दम संपला होता.

आम्ही आत पाऊल टाकलं आणि तुळयांवरची कबुतरं एकदम उडाली. त्यांच्या पंखांनी खालचा ढीग वर आला, आणि आमच्या आणि बाबांच्या मधे काही दिसेनासं झालं. नवऱ्याने जादाचा मास्क पुढे केला. मी नको म्हणून मान हलवली. त्या मास्कमधून श्वास ओढायला चांगली धडधाकट छाती लागते. बाबांना तो लावला असता तर ते त्याच्यातच गुदमरले असते. बसल्या जागेवरून उचलून न्यायचं तर आधी ती धूळ खाली बसवायला हवी होती, आणि सगळ्यात दाट धूळ त्यांच्या डोक्यावर, पडद्याला लागून होती.

मी पंपाची नळी वर केली.

बाबांनी ते बघितलं. त्यांनी कुंचल्याचा हात वर केला आणि तळवा माझ्याकडे केला. थांब. लहानपणी रंग ओला असताना मी रंगखोलीत धावत यायचे तेव्हा ते असाच हात करायचे, आणि मी दारातच थांबायचे.

मी फवारा मारला. आधी वाटेवर, मग त्यांच्या भोवती, मग वर, हवेत. बारीक, जसा मारायचा तसा. धूळ पाण्याला धरून खाली येऊ लागली, आणि पाणी पडद्यावर बसू लागलं. सगळ्यात आधी नवी सावली ओघळली. मग जुनी. मग कुत्र्याचे पाय आणि हातगाडीची चाकं. नवरा माझ्या फवाऱ्यामागून चालत गेला, त्याने बाबांना गादीची वळकटी उचलावी तसं उचललं आणि बाहेर नेलं. बाबांचं डोकं त्याच्या खांद्यावरून मागे वळलेलं होतं. ते पडद्याकडे बघत होते. मी पण फवारा मारता मारता पडद्याकडेच बघत होते, आणि मास्कच्या काचेवर आतून पाणी आलं ते मला पुसता येईना. मास्क शेवटी काढायचा असतो.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला काही सुनावलं नाही. त्यांनी नवा फोटो जुन्याच्या शेजारी लावला आणि आम्हाला बघू दिलं. पहिले काही दिवस बाबांचं काय होणार ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मग बाबांनी डोळे उघडले, चेहऱ्यावरच्या प्राणवायूच्या मास्ककडे तिरस्काराने बघितलं, आणि आईला जरा हायसं वाटलं.

त्या दिवशी ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली होती. बाबांच्या अंगावरची चादर सारखी करत ती मला म्हणाली, "तू वर गेली होतीस ना? खांब दिसला का?"

बाबांनी मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. माणूस इतक्या टक लावून बघू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"पाण्याने सगळं गेलं, आई," मी म्हणाले. "काही कळलं नाही." हे मी सरळसरळ खोटं बोलले.

आईने चादरीचं टोक पुन्हा ओढून बघितलं. चादरीला आता सारखं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ती बाबांना म्हणाली, "बरोबरच असणार तुमची सावली. मी तिसऱ्या रांगेत होते. तिरपं दिसलं असेल."

माझ्या नवऱ्याच्या हातून पाण्याची बाटली पडली.

बाबांनी एका बोटाने मास्क उचलला. नर्स दारातूनच ओरडली. बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "चुकली," ते म्हणाले, आणि मग त्यांना बराच वेळ पुढचं बोलता येईना. "होती. पहिल्या... दिवशीच... कळलं."

"मास्क लावा आधी," आई म्हणाली.

"तू... सांगायच्या... आधी."

"लावा म्हणते ना!" तिने स्वतःच तो लावला, रबर कानामागे नीट बसवलं आणि मग तोंड फिरवून भिंतीवरची सूचना वाचत उभी राहिली. हात धुण्याबद्दल होती. तिने ती पूर्ण वाचली.

बाबा घरी आले ते मशीन घेऊनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. पलंगाशेजारी ते घुमत असतं आणि त्याची नळी बाबांच्या नाकाला असते. जिना आता उतरायचा प्रश्नच नाही, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सूचना वाचणारं कोणी राहिलेलं नाही.

पडदा साफ झाल्यावर मी तो व्यवस्थापकांना दाखवला आणि माफी मागायला तोंड उघडलं. वरची घरं जशीच्या तशी होती. खाली रस्त्याचे रंग एकात एक उतरून लांब ओघळ आले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाऊस! काय पाऊस काढलाय हो!" मी तोंड मिटलं.

उद्घाटनाला आई नवा चष्मा लावून गेली. पहिल्या रांगेत जागा ठेवली होती, पण ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मी तिच्या शेजारी होते. दर्शनी पडदा वर गेला आणि लोकांनी पुन्हा नटांच्या आधी रस्त्याला टाळ्या दिल्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती खांबाच्या पायापाशी बघत होती. तिथे काही नव्हतं.

घरी आलो तेव्हा नवरा बाबांपाशी बसला होता. बाबांनी भुवया उंचावून विचारलं.

"लोक म्हणाले, पाऊस चांगला काढलाय," आई म्हणाली.

"मी पाऊस... काढलेला... नाही."

"मग जा आणि भांडा त्यांच्याशी."

बाबा हसले. हसणं आता त्यांना परवडत नाही. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने श्वास सुटला, आणि आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली, मशीनच्या तालावर त्यांची छाती पुन्हा येईपर्यंत. मी दारातच उभी होते. बराच वेळ लागला.

मग आई चष्मा काढून पुसत म्हणाली, "सावली बरोबरच होती तुमची."

बाबांनी मानेनेच नाही म्हटलं. आता ते तेवढंच भांडू शकतात.